वॉशिंग्टनचा स्तंभ: उसना दागिना की स्वतःचं काही?

रिकामा कट्टा: लेकीकडे गेलो होतो, तेव्हा वॉशिंग्टन पाहिलं. इकडे जॉर्ज वॉशिंग्टनच्या स्मारकाचा स्तंभ, इजिप्तच्या ओबेलिस्कच्या (वर निमुळता होत गेलेला चौकोनी, टोकदार खांब) धर्तीचा, तिकडे लिंकनचं स्मारक म्हणून ग्रीक देऊळ, मध्ये लांबलचक तळं. राजाला हाकलून लोकशाही आणली आणि स्मारक मात्र फॅरोचं, म्हणजे इजिप्तच्या राजाचं! खरा ओबेलिस्क म्हणजे एकसंध ग्रॅनाइट. लक्सरहून पॅरिसला नेलेला तसाच आहे, २३ मीटरचा. वॉशिंग्टनचा १६९ मीटर, पण दगडावर दगड रचलेला, आतून पोकळ, पोटात लिफ्ट. माझ्या मते निव्वळ नक्कल, तीही फुगवलेली.

चुनाविटा: नक्कल करायचीच असती तर इतकी फरफट झाली नसती हो. वास्तुकार रॉबर्ट मिल्सच्या मूळ आराखड्यात पायथ्याशी गोल ग्रीक ओसरी होती, वर रथात बसलेला वॉशिंग्टन. १८५४ला पैसे आटले, दीडशे फुटांवर काम ठप्प. पुढे १८८४ला पुरं झालं तेव्हा ओसरी गेली, रथ गेला. नंतरचा दगड निराळ्या खाणीतला, म्हणून खालचा भाग आणि वरचा भाग वेगळ्या रंगाचे. लांबूनही कळतं. हे साधेपण टंचाईतून आलंय, इजिप्तमधून नाही.

रिकामा कट्टा: टंचाई? उंची पायाच्या दहापट हवी, हे इटलीतले अमेरिकी राजदूत मार्श यांनी जुन्या ओबेलिस्कांवरून कळवलं. पाया ५५ फूट, उंची ५५५. मापसुद्धा उसनंच!

पायरीवाली: माप घेतलं, पण टोक बघा. इजिप्तमध्ये सोन्याने मढवायचे. इथे ॲल्युमिनियम, तेव्हा चांदीच्या तोलाचं महाग, आणि त्याचं काम आकाशातल्या विजेपासून स्तंभ वाचवायचं. लिंकनकडेही तसंच. ग्रीक देवळाचं दार आखूड बाजूला, बळी बाहेरच्या वेदीवर. इथे वास्तू आडवी धरून दार लांब बाजूला काढलंय, कुणीही चढून आत जावं. खांब ३६, लिंकन गेले तेव्हाच्या राज्यांइतके. १९६३ला मार्टिन ल्यूथर किंग बोलले ते याच पायऱ्यांवरून. आपल्या मुंबईच्या टाउन हॉलला, म्हणजे एशियाटिकला, १८३३पासून आठ डोरिक (साध्या ग्रीक धाटणीचे) खांब आहेत, कंपनी सरकारच्या काळातले. आज त्या तीस पायऱ्यांवर कॉलेजची पोरं फोटो काढतात. सरकारी रुबाब कधीच उतरला.

चुनाविटा: +१. हे दाराचं मला सुचलं नव्हतं.

रिकामा कट्टा: दाराचा मुद्दा मान्य, स्तंभाचा नाही. आणि खांब इतके लोकांचे झालेत, तर गावोगावच्या मंगल कार्यालयांना पीओपीचे ग्रीक खांब असतात त्यांनाही लोकशाही म्हणायचं का? आमच्या सोसायटीच्या गेटला चार आहेत, डोक्यावर कसलाच भार नाही. परवा टकटक करून पाहिलं, पोकळ.

पायरीवाली: पोकळ तर तुमचा वॉशिंग्टनवालाही आहे. निदान त्यात लिफ्ट तरी आहे 😄