सिम्युलेशन वॉर्डातच करावं, वेगळ्या खोलीत नाही: मतं मांडा

भूलशास्त्र:
सिम्युलेशन, म्हणजे आणीबाणीच्या प्रसंगाचा लुटुपुटूचा सराव, म्हटलं की वेगळी खोली, महागडा मॅनिकिन (रुग्णाच्या जागी ठेवलेला पुतळा) आणि शेवटी गुणपत्रिका. त्या खोलीत माणसं शिकतात हे मान्य, पण यंत्रणेतले दोष तिथे सापडत नाहीत, कारण सगळी औषधं आधीच ट्रेमध्ये मांडलेली असतात. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा सराव प्रत्यक्ष प्रसूतिकक्षात करून बघा. हा रक्तस्राव थांबवायचं औषध, कार्बोप्रोस्ट, २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं, म्हणजे ते क्रॅश कार्टवर (तातडीच्या औषधांच्या ढकलगाडीवर) नसणार. मग फ्रिज कुठे आहे? त्याला कुलूप आहे का? रात्रपाळीत किल्ली कोणाकडे असते?
दुसरं उदाहरण मॅलिग्नंट हायपरथर्मियाचं, म्हणजे भुलीच्या काही औषधांमुळे अंगाचं तापमान जीवघेणं वाढतं त्याचं. त्यावरचं औषध डँट्रोलीन; त्याचा पहिला डोस किलोमागे २.५ मिलिग्रॅम. ७० किलोच्या रुग्णाला १७५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या ९ कुप्या. प्रत्येकीत ६० मिलिलिटर स्टेराइल वॉटर, एकूण ५४० मिलिलिटर. सलाइन चालत नाही. कपाटात १० मिलिलिटरचेच अँप्यूल असतील तर ५४ फोडावे लागतील. नुसतं औषध विरघळवायला दोन-तीन माणसं अडकतात. औषधसाठ्याच्या यादीत मात्र ‘डँट्रोलीन: उपलब्ध’ एवढंच दिसतं.

तातडीसेवा:
मुद्दा कळतो, तरी वॉर्डातच करा हे पटत नाही. सरावासाठी ॲड्रेनलिनचं लेबल लावून पाणी भरलेली सिरिंज कार्टच्या खणात राहून गेली, तर पुढच्या खऱ्या रुग्णाला पाणी टोचलं जाईल. डिफिब्रिलेटरचे (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे) पॅड वापरले आणि नवे ठेवले नाहीत, तरी तेच. शिवाय वॉर्ड भरलेला असताना चार सिस्टर सरावात गुंतल्या, तर बाकीच्या खाटांकडे कोण बघणार?
हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचं कौशल्य तर खोलीतच पक्कं होतं: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा. वारंवार केल्याशिवाय आणि चूक तिथल्या तिथे दाखवल्याशिवाय ते अंगवळणी पडत नाही.

भूलशास्त्र:
खोली बंद करा असं नाही म्हणत. धोके खरे आहेत, पण आवरता येतात. सरावाच्या प्रत्येक कुपीवर आणि सिरिंजवर ठळक, वेगळ्या रंगाचं लेबल हवं. आधी मोजून घ्यायच्या, नंतर मोजून परत घ्यायच्या. कार्ट पुन्हा भरून सील करायची आणि सीलचा क्रमांक लिहायचा. सराव रद्द करण्याच्या अटी आधीच ठरलेल्या हव्यात: माणसं कमी असतील, खाट रिकामी नसेल किंवा शेजारी गंभीर रुग्ण असेल, तर त्या दिवशी सराव नाही. हा निर्णय इन्चार्ज सिस्टरचा, आणि त्यावर कोणी वाद घालायचा नाही.

परिचर्या शिक्षण:
जागेवरून भांडताय, पण बहुतेक सराव फसतात ते डिब्रीफिंगमध्ये, म्हणजे सरावानंतरच्या चर्चेत. १० मिनिटांचा प्रसंग आणि मग कॉरिडॉरमध्ये उभ्या-उभ्या ‘छान झालं, थोडं लवकर करा’. याला डिब्रीफिंग म्हणायचं? प्रसंगाला १० मिनिटं दिली तर चर्चेला निदान २० हवीत.
प्रश्न कसा विचारता यावर सगळं ठरतं. ‘रक्त मागवायला एवढा उशीर का केलास?’ म्हटलं की समोरची व्यक्ती बचावाला लागते. त्याऐवजी: ‘रक्तपेढीला फोन तिसऱ्या मिनिटाला गेला. तोवर फोन झालाय असं कोणाकोणाला वाटत होतं?’ तीन हात वर झाले, तर दोष एका व्यक्तीचा राहत नाही. काम नावानिशी सोपवायची आणि ‘फोन झाला’ असं मोठ्याने परत सांगायची पद्धतच नाही, हे उघड होतं. विभागप्रमुख खोलीत असतील तर त्यांनी शेवटी बोलावं. नाहीतर कनिष्ठ सिस्टर तोंड उघडत नाहीत, आणि नेमकं त्यांनाच माहीत असतं की ग्लव्हज कुठे संपलेत. एक अट मात्र सोडू नये: सरावातलं काहीही कोणाच्या मूल्यमापनात जाणार नाही. एकदा गेलं की पुढच्या सरावात सगळे गप्प.

गुणवत्ता कक्ष:
माझा विरोध दोघांनाही आहे. फ्रिजचं कुलूप शोधायला सिम्युलेशन कशाला? दोन माणसं स्टॉपवॉच घेऊन खाटेपासून फ्रिजपर्यंत चालत गेली तरी कळतं, आणि वॉर्ड अडत नाही. खरी अडचण पुढे आहे. सरावानंतर १२ दोषांची यादी होते आणि फाइलमध्ये जाते. प्रत्येक दोषापुढे एक नाव, एक तारीख आणि तोच प्रसंग पुन्हा करून घेतलेली तपासणी हवी. उपाय म्हणून ‘स्टाफला पुन्हा प्रशिक्षण’ लिहिलेलं दिसलं तर मी यादी परत पाठवीन. तो सगळ्यात कमकुवत उपाय. रक्तस्रावासाठीची थंड ठेवायची औषधं एकाच डब्यात घालून तो बिनकुलपाच्या फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे कोणाच्या आठवणीवर काही अवलंबून राहणार नाही.

भूलशास्त्र:
चालून बघणं आधी करावं, हे मान्य. पण तीन जणांना फोन झालाय असं वाटणं स्टॉपवॉचमध्ये दिसणार नाही. त्याला प्रसंगाचा ताण लागतो. म्हणून न सांगता केलेले सरावही हवेत.

तातडीसेवा:
न सांगता नको. धावत आलेला भूलतज्ज्ञ खरी शस्त्रक्रिया थांबवून आलेला असू शकतो. दिवस सांगा, वेळ सांगू नका, आणि हाक देताना पहिलाच शब्द ‘सराव’ असू द्या.