मदत हवी आहे: एक टॅब, सहा हेडफोन

राजेहो, धारणी तालुक्यातल्या शाळेत एका टॅबवर सहा पोरांना धडे ऐकवायचे आहेत. साध्या स्प्लिटरवर (एका सॉकेटातून अनेक हेडफोन जोडायचं साधन) दोन हेडफोन ठीक वाजतात, सहा लावले की आवाज बसतो. 32 ओहमचे सहा समांतर, म्हणजे एकूण रोध जेमतेम 5.3 ओहम; रोध जितका कमी तितका भार जास्त, टॅबला तो झेपत नाही. माइकवाल्या हेडफोनची पिन साध्या सॉकेटात पूर्ण दाबली की ग्राउंड (परतीची सामाईक तार) सुटतो, बोलणं गायब अन् मागचं संगीतच उरतं. जराशी बाहेर ओढली की नीट.

आता चार चॅनलचे दोन हेडफोन अँप्लिफायर वाय-केबलने (एकाचे दोन फाटे करणारी) जोडायचे आहेत. लाइन जाते, म्हणून वीज फवारणी पंपाच्या 12 व्होल्ट बॅटरीवरून. ताजी चार्ज बॅटरी 12.7च्या वर असते. मध्ये 7812 (स्थिर 12 व्होल्ट देणारा रेग्युलेटर) लावला तर दोनेक व्होल्ट तोच खातो. तो न लावता बॅटरीची अँप्लिफायरला थेट जोडणी कोणी वापरली आहे का? फ्यूज किती अँपिअरचा लावला?