शाम्पूतल्या बी व्हिटॅमिनने केस गळायचे थांबतात का?

वाकडकर२९:
वय २९, पुण्यात राहतो, सोसायटीला टँकरचं पाणी येतं. दोन-तीन महिने झाले केस खूप गळतायत, अंघोळ झाली की जाळीवर पुंजकाच असतो. पुरुषांसाठीचा म्हणून एक शाम्पू आणला, वर मोठ्या अक्षरात बायोटिन, बी५, नायसिनामाइड अशी सगळी बी व्हिटॅमिन लिहिलीयत आणि साध्या शाम्पूपेक्षा दुप्पट महाग आहे. बाटली संपली तरी फरक काहीच नाही. अजून एक आणू का बायोटिनच्या गोळ्या सुरू करू?

औषधवाला:
दादा, मी मेडिकलमध्ये काउंटरला असतो, हा प्रश्न रोज येतो. बी५ म्हणजे पँथेनॉल, ते खरंच कामाचं आहे, केसात ओलावा धरून ठेवतं, केस मऊ होतो आणि विंचरताना तुटत नाही. पँटीन हे नावसुद्धा त्याच्यावरूनच पडलंय. पण हे सगळं केसाच्या बाहेर आलेल्या भागावर, आणि तो भाग मेलेलाच असतो. मुळाशी काय चाललंय त्याला शाम्पू पोचत नाही, दोन मिनिटात धुवून टाकतो ना आपण. बाटलीच्या मागची यादी बघा, जे जास्त ते आधी लिहितात, बायोटिन बहुतेक वेळा पार शेवटी सुगंधाच्या आसपास सापडेल. आणि पुरुषांचा-बायकांचा असं बी व्हिटॅमिन वेगळं नसतं, बाटली काळी आणि वास वेगळा एवढंच.

सातारी_माणूस:
गोळ्या मनाने घेऊ नका, कळकळीने सांगतोय. दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं आणि ते अंडी, शेंगदाणे यातून मिळून जातं, गोळी मात्र १० मिलिग्रॅमची म्हणजे तीनशे पटीच्या वर. मी चार महिने घेतली, केस तसेच, वर थायरॉइडचा रिपोर्ट असा आला की घरचे सगळे घाबरले. डॉक्टरांनी विचारलं काय काय घेता, मग गोळी बंद करून परत रक्त दिलं तर नॉर्मल. हार्ट अटॅकची ट्रोपोनिन टेस्टसुद्धा यामुळे चुकू शकते, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ मध्येच तसा इशारा दिलाय. घेतच असाल तर रक्त देताना लॅबमध्ये नक्की सांगा.

औषधवाला:
बरोबर. वाकडकर, दोन गोष्टी सांगा, तीन-चार महिन्यांपूर्वी मोठा ताप वगैरे येऊन गेला का, आणि केस सगळीकडून जातायत का कपाळाच्या कोपऱ्यातून?

वाकडकर२९:
डेंग्यू झाला होता सप्टेंबरात, ॲडमिट होतो! केस सगळीकडूनच जातायत, कपाळ आहे तसंच आहे.

औषधवाला:
मग बहुतेक त्याचंच आहे, मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस जातात आणि नंतर आपोआप येतात. तरी स्किनच्या डॉक्टरांना एकदा दाखवा आणि ते म्हणाले तर फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि बी१२ तपासा, शाकाहारी असाल तर बी१२ नक्कीच. कोपरे मागे सरकायला लागले तर मात्र थांबू नका, ते वेगळं प्रकरण आहे, त्याला मिनॉक्सिडिलसारखं औषध लागतं आणि ते जेवढ्या लवकर तेवढं बरं. शाम्पू घरातला साधाच वापरा.