साखळीचा झटका, खिशातलं चिकन आणि इंग्रजी कळणारी कुत्री

तांबडा_पट्टा: परवा इथे एकाने लिहिलं, "कुत्र्याला धाक हवाच. पहिल्याच महिन्यात चोक चेनचे (ओढली की गळा आवळणारी साखळी) दोन झटके द्या, आल्फा कोण ते कळू दे. चिकन चारून लाडावलेली कुत्री डोक्यावर बसतात." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

आधी तो आल्फा, म्हणजे दांडगाईने कळपावर राज्य करणारा म्होरक्या. 1947 साली प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवरून ही कल्पना मांडली. ती घरोघरी पोचवली लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी, 1970 च्या पुस्तकातून. (आडनाव खरंच असं उच्चारतात. आल्फा कोण? मीच!) आणि 1999 मध्ये याच गृहस्थांनी लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. मारामारी करून कोणी तिथे राजा होत नाही. आपल्याकडचे ट्रेनर मात्र अजून 1970 मध्येच.

आता आमचा रम्या. गावठी, सायकलवाल्यांवर गुरगुरायचा. ट्रेनर म्हणाला, गुरगुरला की झटका. तीन आठवड्यांत आवाज बंद. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. चौथ्या आठवड्यात त्याने पेपरवाल्या पोराची पोटरी धरली, तोंडातून 'गुर्र' न काढता. सायकलची भीती होती तिथेच होती, गेली ती फक्त आगाऊ सूचना. त्या पोराच्या इंजेक्शनच्या प्रत्येक तारखेला मी दवाखान्यात त्याच्या शेजारी बसून होते. नंतर लांबवर सायकल दिसली की चिकनचा तुकडा, आणि अंतर हळूहळू कमी. पाच महिने लागले.

माणदेशी: ताई, तुमचं फ्लॅटमधलं कुत्रं. माझा कारवानी शेरडामागं सुटला की खिशातलं चिकन बघायला मागं वळत नाही. नजरेनं शिकार धरणारी जात हाय ती. शेजाऱ्याचं करडू मारलं, पैसं भरलं. मग साखळी घातली, एक झटका दिला, विषय संपला. तुम्ही पॉझिटिव्हवाले, खाऊ देऊन शिकवणारे, पाच महिने थांबा, तोवर गावातली शेरडं संपत्याल.

शनिवारपेठी_शंका: शब्द नीट वापरा. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या परिभाषेत 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगलं नव्हे, काहीतरी भर घालणं. त्यामुळे तुमचा झटकाही 'पॉझिटिव्ह'च, फक्त शिक्षा. असो. माझा प्रश्न वेगळाच आहे. हा गावठी रम्या 'सिट' म्हटल्यावर का बसतो? सात पिढ्यांत कोणी इंग्रजी शाळेत गेलं होतं का?

जर्सीची_वहिनी: आमच्या शेफर्डला 'प्लाट्झ' शिकवलंय, म्हणजे खाली पड. न्यू जर्सीतल्या मराठी घरात कुत्रा जर्मन शिकतोय आणि मुलं मराठी विसरताहेत. पण 'बस' चालत नाही हो. "बस झालं", "बस आली", "अगं बस ना जरा". दिवसभरात पन्नास वेळा कानावर पडतो तो शब्द, कुत्र्याने नेमकं कधी बसायचं?

शनिवारपेठी_शंका: मग 'बैस' म्हणा. मराठीत पर्याय नाही असं कधीच नसतं, आपल्याला लाज वाटते एवढंच.

माणदेशी: यू यू म्हटलं की येतंय, छू म्हटलं की धावतंय, हाड म्हटलं की जातंय. तीन शब्दांत कारभार चाललाय. बैस म्हणायला काय पाहुणा हाय का?

जर्सीची_वहिनी: इथे एकदा बागेत 'यू यू' म्हणून हाक मारली. समोरचा माणूसच "मी?" म्हणत आला.

तांबडा_पट्टा: भाषेसाठी वेगळा धागा काढा की! माणदेशी दादा, विषय संपला म्हणताय, तर साखळी काढून करडासमोर उभं करून बघितलंय का?

माणदेशी: तुमचं कुत्रं माणसाला चावलं, माझं नाही. कोण कुणाला शिकवतंय?

तांबडा_पट्टा: चावलं ते तुमच्याच पद्धतीने शिकवल्यावर!

जर्सीची_वहिनी: भांडू नका. वेल्समध्ये शॉक कॉलरवर, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यावर, 2010 पासून बंदी आहे, तिथेही मेंढ्या आहेतच की.

माणदेशी: मेंढ्यांमागं वेल्सची कुत्री लागत्यात, कारवानी नाही.

(दोन दिवसांनी)

माणदेशी: खोटं कशाला बोलू. साखळी असली की गरीब गाय, काढली की नजर करडावरच. आणि काल मी डोक्यावरची टोपी काढायला हात वर नेला, तर जिथं हुतं तिथंच अंग चोरून जमिनीला चिकटलं. मी मारत नाही वो त्याला. एकदाच झटका दिलाय. म्हणून तुमचं सगळं पटलं असं समजू नका. चिकन मीठ घालून उकडायचं का बिनमिठाचं?

तांबडा_पट्टा: बिनमिठाचं. कांदा-लसूण अजिबात नको. आणि तोवर मोकळं सोडू नका, लांब दोरी लावा.

शनिवारपेठी_शंका: 'लीश' न म्हणता 'दोरी' म्हणालात, आभारी आहे.