हाओ जियांग तियान: मेटमधली वीस वर्षं मोठी, की मँडरिनची शिकवणी?

मंद्रसप्तक:
बीजिंगमध्ये १९५४ साली जन्मलेला हा बास (पुरुषांच्या सर्वांत खालच्या आवाजाचा) ऑपेरा गायक माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बॉयलरच्या कारखान्यात कामाला होता. १९८३ च्या अखेरीस न्यूयॉर्कला उतरला तेव्हा खिशात ३५ डॉलर. त्यातले ८ त्याने पहिल्याच रात्री मेट्रोपॉलिटन ऑपेरात उभ्याने 'एर्नानी' हा ऑपेरा ऐकण्यात घालवले, कारण विख्यात इटालियन टेनर पाव्हारोत्ती गाणार होता! १९९१ मध्ये तो त्याच मेटच्या रंगमंचावर उभा राहिला, १९९३ मध्ये पाव्हारोत्तीबरोबर गायला.

या गोष्टीला टाळ्या पडतातच. माझ्या मते त्याचं मोठं काम २०११ नंतरचं आहे. 'आय सिंग बीजिंग' नावाचा उन्हाळी उपक्रम काढून त्याने पाश्चात्त्य तरुण गायकांना मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत ऑपेरा गायला शिकवलं. चिनी मुलांनी इटालियन, जर्मन, फ्रेंच घोकायचं हा आजवरचा शिरस्ता. याने तो उलटा फिरवला.

उभ्याचं तिकीट:
असहमत. मेटमध्ये वीस वर्षं टिकणं म्हणजे काय ते बघा. बास आवाजाच्या वाट्याला बाप, पुरोहित आणि म्हातारे राजे येतात. टेनर (उंच आवाजाचा नायक) मरतो, सोप्रानो (उंच आवाजाची नायिका) मरते, लोक त्यांच्यासाठी रडतात. पुचिनीच्या 'तुरांदोत' ऑपेरामधला आंधळा, पदच्युत राजा तिमूर तियानने किती वेळा गायला असेल! अशा भूमिकांत वर्षानुवर्षं करार मिळत राहणं नायकाच्या एका गाजलेल्या रात्रीपेक्षा अवघड. हे नसतं तर त्याच्याकडे मँडरिन शिकायला कोण आलं असतं?

खर्डेघाशी:
त्या उपक्रमाला पैसा कोणाचा होता? हानबानचा, म्हणजे परदेशात चिनी भाषा शिकवणाऱ्या कन्फ्युशियस इन्स्टिट्यूट तेव्हा चालवणाऱ्या चिनी सरकारी यंत्रणेचा. कलेपेक्षा राष्ट्रप्रचार जास्त, असं म्हटलं तर राग मानू नका.

मंद्रसप्तक:
राग कसला? जर्मनीतली ऑपेरागृहंही बहुतांशी सरकारी पैशावरच चालतात.

खर्डेघाशी:
तिथे तो पैसा नागरिकांना गाणं ऐकवायला असतो, परदेशात देशाची प्रतिमा उजळायला नाही. फरक आहे.

वांगपू काठ:
शिक्षक म्हणून मोजायचं तर माप गायनशिक्षिका चौ श्याओयेन बाईंचं लावा. जन्म १९१७, १९३८ मध्ये पॅरिसला गेल्या, १९४७ मध्ये परतल्या, १९४९ पासून शांघाय कॉन्झर्व्हेटरीत. युरोपात नाव होत असताना परत आल्या! मध्ये सांस्कृतिक क्रांतीत पाश्चात्त्य ऑपेराच बंद, तरी पुढे पुन्हा शिकवायला बसल्या. १९९७ च्या ऑपेरालिया या गायनस्पर्धेत पहिला आलेला लियाओ चांगयोंग त्यांचा शिष्य, २००७ ला कार्डिफची गायनस्पर्धा जिंकणारा शेनयांगही. २०१६ मध्ये वारल्या. उन्हाळी वर्ग आणि घडवलेला शिष्य यांची बरोबरी होत नाही.

मंद्रसप्तक:
बाईंबद्दल दुमत नाही. पण त्यांनी चिनी गळे व्हेर्दीसारख्या इटालियन संगीतकारांसाठी तयार केले. तियानने परक्या गळ्यांना चिनी शब्द दिले, आणि ते सोपं नाही. बेल कांतोला, म्हणजे इटालियन गायनशैलीला मोकळे, लांबवता येणारे स्वर हवे असतात. मँडरिनमध्ये जीभ मागे वळवून काढायचे 'ज', 'च', 'श', अनुनासिकात मिटणारे शेवट, वर चढ-उतारावर बदलणारा अर्थ. गाताना ते चढ-उतार चालीत बरेचसे विरघळतात आणि ऐकणारा संदर्भावर अर्थ लावतो, पण पठणासारख्या भागात घसरलात की पकडलेच जाता. ('त्स' मात्र आपल्याला फुकट जमेल, 'चमचा' म्हणणाऱ्यांना.)

उभ्याचं तिकीट:
पण शिकून गायचं कुठे? २००६ ला मेटने तान डुनचा 'द फर्स्ट एम्परर' केला. संगीतकार चिनी, दिग्दर्शक चिनी सिनेमावाला चांग यीमोउ, कथा चीनच्या पहिल्या, छिन सम्राटाची, सेनापती वांगच्या भूमिकेत खुद्द तियान. सम्राट झाला स्पॅनिश टेनर प्लासिदो डोमिंगो आणि भाषा इंग्रजी!

मंद्रसप्तक:
तेच म्हणतोय. मँडरिन गाणारे परदेशी गायकच नव्हते, तर दुसरं काय होणार?

उभ्याचं तिकीट:
उलटं लावताय. मेटचा प्रेक्षक इटालियन तरी कुठे जाणतो? समोरच्या खुर्चीच्या पाठीवर भाषांतर वाचतोच की. १९२६ च्या 'तुरांदोत'मधलं पेकिंगसुद्धा (म्हणजे बीजिंग) इटालियनच बोलतं. मँडरिन कृती नियमित लावायचं धाडस ऑपेरागृहांनी करायचं असतं, ते गायक शिकवून येत नाही.

वांगपू काठ:
१९९८ मध्ये 'तुरांदोत' बीजिंगच्या निषिद्ध नगरीतच, जुन्या राजवाड्यात झाला. वाद्यवृंदाचं संचालन आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांचं, दिग्दर्शक पुन्हा चांग यीमोउ. चित्रीकरण मिळालं तर बघा, त्यातला तिमूर इटालियन आहे, कार्लो कोलोम्बारा. बीजिंगच्या तिमूरला, म्हणजे तियानला, बीजिंगात जागा नव्हती, आणि तेव्हा तो मेटवर गात होता. मंद्रसप्तक, याचं उत्तर मँडरिनच्या वर्गात आहे का?

मंद्रसप्तक:
नाही. पण मग मेटच्या वीस वर्षांत तरी कुठे आहे?