विषय: हॉलमधली गाठोडी शनिवारच्या आत हलवा

मंदार (हॉल व्यवस्था)
मंडळी, सुदानच्या युद्धग्रस्तांसाठी म्हणून जमलेली कपड्यांची गाठोडी अजून स्टेजमागेच आहेत. काल मोजली, ३७ भरली. शनिवारी हॉल मुंजीला दिलाय आणि पार्टीला ग्रीनरूम हवीय. नाटकाच्या वेळी हार्मोनियमवर गाद्या रचल्या होत्या, तसं पुन्हा नको. कोण नेणार, कुठे नेणार, टेम्पोचं भाडं कुठल्या खात्यातून?

वसुधाताई
"म्हणून जमलेली" म्हणजे काय रे? महिला शाखेनं रीतसर आवाहन केलं होतं. बडोद्यात दांडिया बाजारातल्या बायकांनी धुऊन, इस्त्री करून दिलेत कपडे. मुंबईहून जहाजानं पाठवणारं कोणी मिळालं की झालं. खजिनदारांना दोनदा विचारलं, उत्तर नाही.

श्रीकांत (खजिनदार)
ताई, एकदा विचारलंत आणि मी जिन्यातच उत्तर दिलं होतं. पुन्हा देतो. मंडळ ट्रस्ट आहे. ट्रस्टचा पैसा देशाबाहेरच्या कामाला लावायचा तर आयकर खात्याच्या केंद्रीय मंडळाची परवानगी आधी लागते, नाहीतर तेवढी रक्कम करमाफीत धरत नाहीत. सुदानसाठीच्या देणगी-डब्यातले ६१,४५० रुपये माझ्या कपाटात तसेच आहेत, एकही पावती फाडलेली नाही. ८०जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, मिळेल का, असं तिघांनी विचारलंय. परदेशातल्या मदतीला नाही मिळत.

शरदकाका
परवानगीवरून आठवलं. १९७१ साली सरकारनं आपल्याला विचारलंच नव्हतं! नोव्हेंबरपासून जवळजवळ प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, निर्वासितांसाठी. आधी तर कुटुंबनियोजनाच्याच तिकिटावर शिक्का मारून चालवलं. हे मार्च १९७३ पर्यंत चाललं. इंदूरच्या मावशीची तेव्हाची पत्रं आईच्या ट्रंकेत आहेत. एका पाकिटावर मावशीनं तिकिटाशेजारी लिहिलंय, "हे पाच पैसे तुझ्यासाठी नाहीत." कोटीभर माणसं आली होती पूर्व बंगालातून, म्हणजे आताच्या बांगलादेशातून. धोतरं पाठवा असं आम्हाला कोणी सांगितलं नाही, पैसे मागितले.

नीता
काका, १९७१ काढलंत म्हणून लिहिते. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपात भरलं. पाजायचं काम घरच्यांवरच सोपवलं, कारण तेवढ्या नर्स आणणार कुठून? शंभरातली तीसेक माणसं दगावत होती, ती चाराच्या आत आली. आम्ही पोरांना ओआरएस देतो ते हेच. सुदानमध्येही २०२४ पासून पुन्हा कॉलरा पसरला. तिथे पातळ हगवण लागलेल्या पोराला साडी देऊन काय होणार? ताई, रागावू नका.

वसुधाताई
रागावले नाही. पण कपडे नकोत हे तेव्हाच सांगायचं होतं. दीड महिना हॉलच्या किल्ल्या मी सांभाळतेय.

उज्ज्वला
किल्ल्यांचं तुम्ही दोघं बघा. मी ऑगस्ट २०२४ चं सांगते. विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. तिसऱ्या दिवशी मदतीचं गाठोडं आलं. त्यात हुक नसलेला लग्नातला ब्लाउज, एकच मोजा आणि कोणाचा तरी थ्री-पीस कोट! आम्हाला हवी होती कोरडी काडेपेटी, प्यायचं पाणी आणि दोन मुलींसाठी पॅड. तो कोट चार दिवस जिन्याच्या कठड्यावर होता. फेकवतही नव्हता, कारण देणाऱ्यानं खिशात नॅप्थलीनच्या गोळ्या घालून दिला होता.

श्रीकांत (खजिनदार)
आमच्या समोरचं गुजराती कुटुंब तीन पिढ्या सुदानमध्ये, खार्टूमशेजारच्या ओमदुर्मानला होतं. एप्रिल २०२३ मध्ये लढाई पेटल्यावर भारत सरकारच्या 'ऑपरेशन कावेरी' सुटका मोहिमेत पोर्ट सुदानहून जेद्दामार्गे आले. काल ओटल्यावर बसून त्यांनाच विचारलं. म्हणाले, गाठोडी पोर्ट सुदानच्या बंदरातच अडकतील, पुढे खार्टूमला रस्त्यानं आठशे किलोमीटर, आणि नाक्यानाक्यावर बंदूकवाला. तिकडे गल्लीतली पोरंच सामुदायिक स्वयंपाक चालवतात, मसूर नाहीतर फूल म्हणून घेवड्यासारखं काही शिजवतात. 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स' म्हणतात त्यांना, २०२५ चा राइट लाइव्हलीहुड पुरस्कारही मिळालाय. पैसे फोनवरून, 'बंकक' अ‍ॅपनं फिरतात. नेट गेलं की चूल बंद.
सुदानमधल्याच एल फाशर शहराचं सांगताना मात्र ते थांबले. दीड वर्षाचा वेढा होता. शेवटी लोक शेंगदाण्याची पेंड खात होते. आपल्याकडे म्हशीपुढे टाकतात, ती.

मंदार
सगळं बरोबर. टेम्पो?

शरदकाका
पेंडीवरून: खंडेराव मार्केटमागे ती पूर्वी आठ आण्याला मिळायची. असो.

श्रीकांत (खजिनदार)
माझं म्हणणं एवढंच, मंडळाच्या नावानं काही जाऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत प्रत्येकाला आपापल्या खात्यातून बाहेर देणगी पाठवता येते, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. (आपल्यातलं कोणी ती मर्यादा ओलांडेल अशी भीती नाही.) पॅन लागतं. जागतिक अन्न कार्यक्रम किंवा रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती, जिथे पाठवायचं त्यांच्याच अधिकृत पानावरून पाठवा, फॉरवर्ड आलेल्या क्यूआर कोडवर नको. डब्यातली रोकड परत करतो. ज्यानं त्यानं आपला आकडा कळवा.

उज्ज्वला
डब्यात कोणी किती टाकले, कसं कळणार? गणपतीत तो डबा प्रसादाच्या टेबलावर होता. निम्म्या लोकांनी आरतीची दक्षिणा समजून टाकलेत.

शरदकाका
माझे ५०१.

नीता
माझे २,०००. मी स्वतः पाठवते, तेवढे मला परत द्या.

वसुधाताई
माझे ५००, आणि डबाही माझाच आहे, तो आधी द्या. कपड्यांचं मी बघते. सुती साड्यांच्या गोधड्या शिवू, थंडीत रावपुऱ्यात फुटपाथवर झोपणाऱ्यांना लागतातच. शर्ट-पँट भंगारवाल्याकडे जाणार नाहीत, सांगून ठेवते. शुक्रवारी सकाळी दहाला किल्ली घेऊन येते. गाठोडी माझ्यासमोर उघडायची.

मंदार
टेम्पो शुक्रवारी दहाला, ७०० म्हणतोय. दोन पोरं पाठवा, मुंजीचा मांडववाला अकराला येतोय. आणि हार्मोनियमचं झाकण कोणाकडे आहे?

श्रीकांत (खजिनदार)
७०० देशातच खर्च होतायत, व्हाउचर करा. आत्तापर्यंत ३,००१ चा हिशेब लागला. उरलेले ५८,४४९ कोणाचे?