सौंदर्यस्पर्धेसाठी हुपरी-कोल्हापुरात प्रायोजक कसा मिळवायचा?

हुपरीची_पोरगी
मी हुपरीची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. पुण्यातल्या एका राज्यस्तरीय सौंदर्यस्पर्धेच्या अंतिम फेरीसाठी निवड झालीय. प्रवेश फी, मुक्काम, दोन गाऊन, मेकअप धरून आकडा 58 हजारांवर जातोय. बाबा चांदीचे कारागीर, पैंजणांना घुंगरू जोडतात. त्यांच्यापुढं हा आकडा काढायचं धाडस अजून झालेलं नाही. आईला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात कोल्हापुरात अकरा दुकानं फिरले. एका साडीवाल्यांनी बसवून चहा पाजला, म्हणाले, "पितृपंधरवडा सरू दे, मग बघू." दुसऱ्या काकांनी गल्ल्यातून 501 काढून दिले आणि पावती मागितली. नवरात्राची वर्गणी समजले! ते पैसे तसेच पाकिटात आहेत. एकजण म्हणाला "रात्री फोन कर", तिकडं परत पाऊल टाकलं नाही. माझं चुकतंय कुठं?

तांबडा_पांढरा
58 हजारात म्हैस येईल की ओ.

हुपरीची_पोरगी
म्हैस पुण्याला नेली तर तिलाही मुक्कामाचा खर्च येईल, दादा.

गुजरीतला_सराफ
पोरी, काउंटरच्या अलीकडनं सांगतो. आमच्याकडं रोज कोणीतरी येतं. मंडळ, कुस्तीचं मैदान, शाळेची स्मरणिका. "मदत करा" हा शब्द कानावर पडला की हात आपोआप 501 कडं जातो. त्या काकांचा दोष नाही.

आणि तू चांदीच्या दागिन्यांच्या गावची, हुपरीची असून साडीच्या दुकानात काय करतेस? पारंपरिक पोशाखाच्या फेरीत चांदीचा कमरपट्टा, वाकी, पैंजण घाल आणि तिथल्याच उद्योजकाकडं जा. नुसतं मागू नकोस. दिवाळी तोंडावर आहे, प्रत्येकाला दागिन्यांचे फोटो हवे असतात आणि त्यासाठी मॉडेल बाहेरनं आणावी लागते. "एक दिवस तुमच्या दागिन्यांत फोटोला उभी राहते, त्याचे एवढे द्या," असं बोल. एका पानावर रक्कम, काम, तारीख लिहून ने. देणगी लिहू नकोस, जाहिरात लिही. आम्हाला तो खर्च धंद्याच्या हिशेबात धरता येतो. दागिना वापरायला दिला तर वजन, फोटो आणि दोघांची सही, त्याशिवाय पिशवीत घालू नकोस. फोटोच्या दिवशी आईला सोबत ने.

एकदा_उतरलेली
सराफकाकांचं बरोबर आहे, पण आधी स्पर्धेची नियमावली वाच. आयोजकांचा स्वतःचा दागिन्यांचा प्रायोजक असला तर मंचावर दुसऱ्या पेढीचा दागिना बहुधा चालत नाही. मग नाव फक्त तुझ्या रील्समध्ये येणार, हे मालकांना आधीच सांग. आणि 58 हजार हा शेवटचा आकडा आहे का, ते लेखी घे. आमच्या वेळी फी भरल्यावर "ग्रूमिंग"चे पैसे निघाले, वर प्रत्येकीला वीस तिकिटं विकायला लावली. माझ्या मामानं एकट्यानं सहा घेतली, बिचारा आलाच नाही.

हुपरीची_पोरगी
नियमावली वाचली. पारंपरिक फेरीत दागिना स्वतःचा चालतो. काल रात्री बाबांना सांगितलं. बराच वेळ घुंगरूच जोडत बसले. मग म्हणाले, "कमरपट्टा कुणाचा घालणार?" आज संध्याकाळी ते ज्यांचं काम करतात त्या मालकांकडं दोघं जातोय. कागद तयार आहे, 25 हजार लिहिलेत.

काका, त्या 501 चं काय करू?

गुजरीतला_सराफ
ठेव. पुण्याहून आलीस की एक फोटो नेऊन दे त्यांना. पावतीपेक्षा बरा. आणि 25 नको, 30 लिही. घासाघीस होणारच.